धुळवड

१७ मार्च २०१४ हा धुळवडीचा दिवस होता. लालबागच्या आमच्या चाळीत पोरांनी मला सकाळी जिन्यातच गाठलं होतं, आणि दोनदा डोकं धुऊनही कानामागचा हिरवा रंग काही जात नव्हता. रात्री नऊनंतर मी तशीच, ओल्या केसांनी, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. अमेरिकेतली एक पत्रकार परिषद थेट दाखवणार होते. व्हिडिओ अडकत होता, आई उरलेल्या पुरणपोळ्या संपवा म्हणून मागे लागली होती आणि बाबा पडद्याऐवजी माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. पडद्यावरचं त्यांना कळणार नव्हतं, चेहरा कळायचा.

दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ या दुर्बिणीने विश्वाच्या पहिल्या क्षणाची खूण पकडली, असा दावा त्या रात्री झाला. जन्मल्या जन्मल्या, सेकंदाच्या कल्पनेत न मावणाऱ्या अंशात, विश्व अफाट वेगाने फुगलं असावं असं आमच्यातले बहुतेक जण मानतात. त्या फुगण्यात उठलेल्या गुरुत्वीय लहरींचा ठसा विश्वातल्या सर्वांत जुन्या प्रकाशावर दिसला, असं ते सांगत होते. मी पीएचडीच्या पाचव्या वर्षाला होते आणि माझा विषय नेमका तोच प्रकाश होता. नाचायला हवं होतं. पण माझ्या पोटात गोळा आला.

कारण तसाच ठसा पाच महिन्यांपूर्वी मलाही सापडला होता.

ते सांगण्याआधी थोडं मागे जाते. आमच्याकडे बराच काळ काळापांढरा टीव्ही होता. अँटेना गच्चीवर. वारा सुटला किंवा कावळा बसला की चित्र जायचं आणि पडद्यावर मुंग्या यायच्या. मग भाऊ गच्चीवर, मी खिडकीत, आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं आमचं चालायचं: "आलं का?" "नाही रे, अजून मुंग्याच!" आठवीत वरळीच्या नेहरू तारांगणात सहल गेली, तेव्हा आमच्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं की त्या मुंग्यांतला जेमतेम एखादा टक्का थेट विश्वाच्या बालपणातून येतो. माझा विश्वास बसला नाही. घरी येऊन मी मुद्दाम अँटेनाची वायर काढून टीव्हीसमोर बसले आणि आईच्या हातचा मार खाल्ला.

या प्रकाशाचा शोधही तसाच लागलेला. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत पेन्झियास आणि विल्सन यांच्या अँटेनातली खरखर काही केल्या जात नव्हती. त्यांनी सगळं तपासलं. अँटेनात कबुतरं राहत होती, त्यांना हाकललं, शीट खरवडून काढली. खरखर तशीच. १९६५ साली उलगडा झाला की ती खरखर म्हणजेच महास्फोटाची उरलेली ऊब आहे. दादरच्या कबूतरखान्यावरून जाताना मला अजून त्या दोघांची आठवण येते. माझ्या लेखी त्यांचं मोठेपण खरखर सापडण्यात नाही, आधी शीट खरवडण्यात आहे.

मराठी घरातून या विषयात आलेल्या बहुतेकांसारखी मीही जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचत आले. गंमत अशी, की ज्यांच्यामुळे आम्ही विश्वाकडे बघायला लागलो, त्यांना स्वतःला महास्फोट पटत नव्हता. फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी विश्वाला आरंभच नाही असं मानणाऱ्या स्थिर-स्थिती सिद्धांताची बाजू लावून धरली आणि पुरावे विरुद्ध जाऊ लागले तरी प्रश्न विचारणं सोडलं नाही. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. पण २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, त्या दिवशी मी वर्गात शिकवायचं ते बाजूला ठेवलं आणि मुलांना फक्त त्यांचे आक्षेप समजावून सांगितले. ते नीट खोडून काढायला मुलांना दोन तास लागले.

कलिनाला एमएस्सी झालं आणि २००९ मध्ये पीएचडीसाठी मुलाखत दिली. तिथला एक प्रश्न अजून टोचतो. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उपटायला जेवढी ऊर्जा लागते, ती तापमानात मोजली तर दीड लाख केल्विनच्या वर जाते. मग विश्व तीन हजार केल्विनपर्यंत थंड होईस्तोवर अणू का बनले नाहीत? मी खडूकडे बघत उभी. समोरच्या एकांनी हळूच विचारलं, "साहा समीकरण शिकलात ना?" मेघनाद साहांचं १९२० चं समीकरण, कुठल्या तापमानाला किती अणू फुटलेले असतात ते सांगणारं, मला तोंडपाठ होतं, पण ते ताऱ्यांसाठी असतं असं डोक्यात पक्कं बसलेलं. उत्तर असं आहे, की विश्वात एका प्रोटॉनमागे दीड अब्जाहून जास्त प्रकाशकण आहेत. सरासरी तापमान उतरलं तरी एवढ्या गर्दीत चार दांडगे निघतातच, आणि ते नवा अणू बनला रे बनला की फोडतात. अर्धं उत्तर मी दिलं, अर्धं त्यांनी काढून घेतलं. निवड झाली.

तीन हजार केल्विनच्या आधीचं विश्व म्हणजे संध्याकाळची कर्जत फास्ट. सुटे इलेक्ट्रॉन सगळीकडे, प्रकाशाचा कण दोन पावलं टाकायच्या आत कुणावर तरी आपटतो. दारापर्यंत पोचताच येत नाही. जन्मानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी इलेक्ट्रॉन एकेक करून प्रोटॉनच्या घरी गेले आणि डोंबिवली गेल्यावर डबा मोकळा होतो तसं झालं. तेव्हा सुटलेला प्रकाश १३.८ अब्ज वर्षांनी आपल्यापर्यंत येतो. मधल्या काळात विश्व अकराशे पट ताणलं गेलं, म्हणून तीन हजार केल्विनचे आता २.७२५ उरलेत. आकाशात कुठेही बघा, हेच तापमान. फरक आहे तो लाखात एकाच्या हिशोबाचा, म्हणजे शंभर मीटरच्या फलाटावर एक मिलिमीटरचा उंचवटा. १९९२ मध्ये कोबे उपग्रहाने ते उंचवटे पहिल्यांदा दाखवले. आज दिसणाऱ्या दीर्घिका, त्यांचे समूह, मधल्या प्रचंड पोकळ्या, सगळं त्या मिलिमीटरमधून वाढलेलं आहे. त्यातही मेहनत बरीचशी कृष्णद्रव्याची, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाने ओळखू येणाऱ्या द्रव्याची. प्रकाशाच्या दाबाशी त्याला देणंघेणं नसल्याने त्याने आधीच खड्डे खणून ठेवले, साधं द्रव्य सुटं झाल्यावर त्यांत घरंगळलं.

घरी हे सांगायची सोय नव्हती. विश्वाच्या त्या पहिल्या फुगण्याला इंग्रजीत इन्फ्लेशन म्हणतात. "इन्फ्लेशनवर काम करते," असं मी एकदा बोलून गेले, तर तळमजल्यावरचे काका वर्षभर मला रिझर्व्ह बँक व्याजदर कमी करणार का ते विचारत होते.

माझं प्रत्यक्ष काम मात्र विश्वावर कमी आणि धुळीवर जास्त होतं. आपल्या आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधे बारीक धूळ पसरलेली आहे. वीसेक केल्विनची, म्हणजे आपल्या हिशोबाने गोठलेलीच, पण त्या सर्वांत जुन्या प्रकाशापुढे, आमच्या भाषेत सीएमबीपुढे, चांगली गरम. तिचे कण चुंबकीय क्षेत्राला आडवे होऊन रांगेत लागतात, त्यामुळे तिच्या प्रकाशालाही ध्रुवीकरण येतं, म्हणजे त्याच्या कंपनाला एक ठरावीक कल मिळतो. आणि आम्ही गुरुत्वीय लहरींचा ठसा शोधतो तोही ध्रुवीकरणातच. आकाशाच्या नकाशावर कंपनाच्या दिशा काड्यांनी दाखवतात. त्या काड्या गरम ठिपक्याभोवती कडं धरून किंवा आरांसारख्या उभ्या राहिल्या, तर ती घनतेच्या चढउतारांची साधी नक्षी, ई. भोवऱ्यासारखी एका अंगाने कललेली नक्षी असेल, तर ती बी. जन्मकाळच्या गुरुत्वीय लहरी बी नक्षी काढतात. धूळ दोन्ही काढते. म्हणून आधी धूळ वजा करायची आणि मग खाली काय उरतं ते बघायचं.

२०१३ च्या ऑक्टोबरात माझ्याकडे धूळ वजा केल्यावर काहीतरी उरलं.

बी नक्षीच्या आलेखात एक छोटा उंचवटा होता. मोजमापातल्या गोंधळाच्या पातळीच्या स्पष्ट वर. पहिल्या दिवशी मी कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संगणकाची आज्ञावली पुन्हा चालवली. उंचवटा तिथेच. रात्री संस्थेमागच्या कठड्यावर समुद्राकडे तोंड करून बसले आणि खरं सांगते, स्टॉकहोमला जाताना नेसायच्या साडीचा विचार केला. पैठणी नको, फार होते, नारायणपेठ बरी.

सरांना दाखवलं. ते मूळचे सोलापूरचे, कमी बोलणारे. बराच वेळ आलेख बघून म्हणाले, "आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ गेलीस की वाढतं का गं?" मी पट्टा आधीच झाकला होता, तिथे धूळच धूळ असते. "झाकण थोडं काढून बघ." काढलं. उंचवटा वाढला. जन्मकाळची लहर असेल, तर तिला आपली आकाशगंगा कुठे आहे याची काय खबर असणार? सगळीकडे ती सारखीच दिसायला हवी. माझं तोंड उतरलेलं बघून सर म्हणाले, "आता गंमत सुरू झाली." मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

तीन महिने गेले. दुर्बिणीची मापं तपासली, गोंधळाचं गणित तपासलं, आज्ञावलीची ओळ न् ओळ वाचली. शेवटी सुचलं ते फार आधी सुचायला हवं होतं. मी खोटं आकाश तयार केलं. त्यात सीएमबी नाही, गोंधळ नाही, फक्त धूळ. त्यातून तीच धूळ वजा केली. शून्य उरायला हवं. उरलं नाही. उरलेल्या नकाशात उभ्याआडव्या काड्या एकही नव्हत्या, होत्या त्या सगळ्या तिरक्या.

कोन कुठल्या दिशेने वाढतो धरायचा, याचे आमच्याकडे दोन रिवाज आहेत. एक आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेचा, दुसरा सीएमबीवाल्यांच्या नेहमीच्या आज्ञावलीचा. एकात कोन ज्या अंगाने वाढतो त्याच्या उलट अंगाने दुसऱ्यात. मला मिळालेला धुळीचा नकाशा पहिल्या रिवाजाचा होता आणि माझी आज्ञावली दुसऱ्या. त्या रात्री बटर पेपरवर मी एक तिरकी रेघ काढली, कागद उलटा केला आणि खिडकीच्या काचेला लावला. रेघ दुसरीकडे कलली. उभी रेघ काढून उलटली, ती उभीच राहिली. पहाटेचे तीन वाजले होते आणि मी तो कागद दहा-बारा वेळा उलटसुलट केला असेल. ध्रुवीकरणाच्या दोन घटकांपैकी उभ्याआडव्या काड्यांचा क्यू दोन्ही रिवाजांत तोच राहतो, तिरक्या काड्यांच्या यूचं चिन्ह पालटतं. म्हणजे धुळीचा एक घटक मी नीट वजा करत होते आणि दुसरा, वजा करते असं समजून, दुप्पट करत होते. एक उणे चिन्ह. नकाशाच्या फाइलच्या डोक्यावर कुठला रिवाज आहे ते स्वच्छ लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

सकाळी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "चहा घे."

धुळवडीच्या रात्री पोटात गोळा आला तो यामुळे. त्या लोकांनी माझ्यासारखा बावळटपणा केला नव्हता. त्यांचं उपकरण उत्तम होतं, मोजमाप बरोबर होतं, आकाशात त्यांना जे दिसलं ते खरंच तिथे होतं. पण त्यांनी ते १५० गिगाहर्ट्‌झ या एकाच कंप्रतेवर बघितलं होतं. एकाच कंप्रतेवर धूळ आणि सीएमबी वेगळे कसे ओळखणार? धुळीचा खरा अंदाज वरच्या कंप्रतांवर येतो, आणि तिथे बघणाऱ्या प्लँक उपग्रहाचे त्या भागातले ध्रुवीकरणाचे नकाशे अजून बाहेर आले नव्हते. बाबांनी विचारलं, "चांगली बातमी आहे ना?" मी म्हटलं, "धूळ असेल तर?" आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आजच्या दिवशी धूळ नाही तर काय असणार!"

सप्टेंबरात प्लँकच्या गटाने ३५३ गिगाहर्ट्‌झवरून दाखवून दिलं की त्या आकाशातही धूळ भरपूर आहे. २०१५ च्या सुरुवातीला दोन्ही गटांनी एकत्र हिशोब केला आणि दावा मावळला. आमच्या संस्थेत काही जणांनी त्यांची टर उडवली. मला ते आवडलं नाही. माझा कागद तेव्हाही माझ्या ड्रॉवरमध्ये होता.

पुढची वर्षं भरभर सांगते, कारण ती सगळ्यांची सारखीच असतात. जर्मनीत दोन वर्षं, मग इंग्लंडात तीन. दर हिवाळ्यात पन्नास-साठ अर्ज, बहुतेकांचं उत्तरही नाही. एका ठिकाणी मुलाखत छान झाली आणि नंतर कळलं की जागा आधीच ठरलेली होती. परत यायचं ठरवलं तेव्हा इथल्या एका योजनेचे पैसे सात महिने अडकले, आणि त्या काळात मी बाबांच्या पेन्शनवर जेवले. कुणाचं नाव घेत नाही. २०२१ मध्ये मुंबईत नोकरी लागली.

मधल्या काळात मी सीएमबीकडून दीर्घिकांकडे वळले होते. वळणं तसं नैसर्गिक होतं. कर्जत फास्टच्या काळात द्रव्य आणि प्रकाश एकमेकांना धरून होते तेव्हा त्यांत ध्वनीलहरी धावत होत्या. डबा मोकळा झाला त्या क्षणी त्या जागच्या जागी थिजल्या. कुठवर पोचल्या होत्या ते अंतर आजच्या मापाने सुमारे ४८ कोटी प्रकाशवर्षं भरतं. दीर्घिकांच्या जोड्या मोजत गेलं, तर बरोबर त्या अंतरावर थोड्या जास्त जोड्या सापडतात. २००५ मध्ये हे पहिल्यांदा दिसलं. विश्वाने स्वतःच ठेवलेली मोजपट्टी म्हणायची. वेगवेगळ्या काळात ती केवढी दिसते, यावरून विश्व कधी किती वेगाने पसरत होतं ते काढता येतं. आता ॲरिझोनातल्या किट पीकवरचं डेझी हे उपकरण एका वेळी पाच हजार प्रकाशतंतू लावून लाखो दीर्घिकांची अंतरं काढतं. २०२५ च्या मार्चमध्ये त्यांच्या आकड्यांतून असा इशारा मिळाला की विश्वाच्या पसरण्याचा वेग वाढवणारी कृष्णऊर्जा काळाबरोबर बदलत असावी. तिकडे पसरण्याच्या आजच्या वेगावरूनही जुनं भांडण चालूच आहे. सीएमबीवरून तो ६७ च्या आसपास येतो, जवळच्या ताऱ्यांवरून ७३ च्या (दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांना, सेकंदाला इतके किलोमीटर). दोन्हीकडची माणसं काळजीपूर्वक काम करणारी आहेत.

अशा वेळी धोका एकच, आपल्याला कुठला आकडा हवा आहे ते आपल्याला माहीत असतं. विश्व एकच. दुसरं आणून प्रयोग पुन्हा करता येत नाही. आकाशाच्या सर्वांत मोठ्या नक्षीसाठी, जिला चतुर्ध्रुव म्हणतात, आपल्याकडे फक्त पाच संख्या आहेत आणि सहावी कधीच मिळणार नाही. म्हणून आता आम्ही डोळे बांधून मोजतो. खऱ्या आकड्यांत संगणक आधीच गुप्त फेरफार करून ठेवतो. सगळ्या चाचण्या त्या बिघडवलेल्या आकड्यांवर करायच्या, पद्धत पक्की करायची, आणि मगच खरं उत्तर उघडायचं. उघडल्यावर पद्धतीला हात लावायचा नाही.

हे बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले. बत्तीस वर्षं ते बेस्टमध्ये कंडक्टर होते. ड्युटी संपली की डेपोत रोकड भरायची, कमी पडली तर खिशातून घालायची. नवीन पोरं आधी वेबिलावर बेरीज किती ते बघायची आणि मग पैसे मोजायची. बाबा वेबिल पालथं ठेवायचे, वर तिकिटांची पेटी ठेवायचे आणि मग चामड्याची बॅग उपडी करायचे. "आधी आकडा बघितला ना," ते म्हणाले, "की बोटं तेवढ्यावरच येऊन थांबतात."

गेल्या वर्षी परिषदेत मी हे वाक्य भाषांतर करून सांगितलं. भाषांतरात ते पडलं.

आमच्या गटाचा निकाल सध्या असाच पालथा पडलाय. उघडायचं अनंत चतुर्दशीनंतर ठरलंय, तोवर लालबागमधून बाहेर पडणं तसंही अवघड. बाबा रोज संध्याकाळी विचारतात, "उघडलं?" मी नाही म्हणते. "मोजून झालं?" झालं, दोनदा. तीन चाचण्या तेवढ्या राहिल्यात, आणि त्यातली एक आकाशगंगेच्या धुळीची आहे. ती दूरच्या दीर्घिका मंद करते, आणि कुठे किती मंद करते त्याच्या नकाशाची फाइल काल आली. डोक्यावरचा मजकूर वाचायला घेतलाय.